आयकलंस की वाचलंस?

"वयनी, बघ तरी! डोळे उघड आणि बघ!"

उदयने फोन माझ्या तोंडासमोर धरला होता आणि मी सोसायटीच्या लाकडी खुर्चीत डोळे घट्ट मिटून बसले होते. कानांत बोटं घालायची तेवढी बाकी राहिली होती. तीही घातली असती, पण खोलीत चार माणसं होती आणि मी पन्नाशीला टेकलेली बाई.

"बंद कर तो," मी म्हटलं.

"बंद काय कर? आज सांजचा देवगडाक वादळ लागतला! माणूस नकाशो दाखवून सांगता हा!"

व्हिडिओतला माणूस सांगत होताच. डोळे मिटले तरी आवाज येतच होता. खालून कसला तरी ढोल, वर वाऱ्याचं घोंघावणं आणि मधून त्याचा भरदार, जरासा थरथरणारा गळा: 'पण त्याआधी तुम्हाला एक दृश्य दाखवतो, काळजावर हात ठेवून बघा...'

"उदय, बंद कर, नायतर फोन खाडीत टाकीन!"

लग्न होऊन आल्यापासून मी दिरावर कधी आवाज चढवला नव्हता. त्याने मुकाट्याने फोन खिशात घातला. मी डोळे उघडले. सगळे माझ्याकडे बघत होते, अंगात आलेल्या बाईकडे बघावं तसे.

याला आता बरीच वर्षं झाली. आमचं आडबंदर देवगडच्या दक्षिणेला, एका लहानशा खाडीच्या तोंडाशी. मी तिथल्या मच्छीमार सोसायटीत कामाला होते. डिझेल, बर्फ, सभासदांचे अर्ज ही कामं होतीच. पण त्यातलं एक काम मी देवपूजेसारखं करी. हवामान खात्याचं पत्रक सकाळ-संध्याकाळ फोनवर उघडायचं, नीट वाचायचं आणि बाहेरच्या फळ्यावर खडूने उतरवून काढायचं. वर तारीख, वेळ. खाली वारा, लाटा, इशारा. पूर्वी त्या फळ्यासमोर तांडेलांची, म्हणजे बोटी हाकणाऱ्यांची, गर्दी असे. प्रत्येकाच्या हाती फोन आले आणि फळ्याखाली कुत्री झोपू लागली.

"वयनीच्या फळ्यार काय असता?" उदय सगळ्यांसमोर म्हणायचा. "'समुद्र खवळलेला राहण्याची शक्यता.' अगो, समुद्र खवळलेलो कसो दिसता ता व्हिडिओत बघ. पोटात गोळो येता!"

"म्हणानच बघणंय नाय," मी म्हणे, आणि लोक हसत.

त्या दिवशी मात्र कुणाला हसू येत नव्हतं. कार्तिक लागला होता. तीन दिवसांपूर्वी समुद्र तळ्यासारखा होता म्हणून आमच्या मालकांनी 'हरिकृपा' बाहेर काढली होती. आमचे मालक म्हणजे माझे यजमान, आत्माराम कोयंडे. बोटीचे तांडेलही तेच. हाताखालच्या खलाशांत पार्वती टिकमचा सुहास होता, तिचा एकुलता एक मुलगा. बाकीच्या बोटी सकाळी परतल्या होत्या. 'हरिकृपा' एकटी आत समुद्रात होती आणि आकाश नैर्ऋत्येकडून काळंनिळं होत चाललं होतं.

पार्वती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आलो. देवळात कीर्तन असलं की एकाच खांबाला टेकून बसायचो. त्या आठवड्यातही गणपुलेबुवांची कीर्तनं चालू होती. आदल्याच संध्याकाळी राजाच्या वनवासाच्या आख्यानात मी पदराने डोळे पुसून पुसून पदर भिजवला होता, आणि पार्वतीने कोपर मारून म्हटलं होतं, "गो, तो राजा दरवर्षी परत येता. कित्याक रडतंस?"

आता तिचेच डोळे लाल होते.

"मंदा, त्या पोरांका घराक बोलव."

"वायरलेस लागल्याबरोबर बोलतंय."

"काय बोलतलंस? ह्यो सांगता देवगडाक वादळ येता. तू बघूक पण तयार नाय. बुवाच्या राजाच्या झिलासाठी ढसाढसा रडतंस, आणि माझ्या झिलासाठी डोळे मिटून बसलंस?"

ते बोल मला लागले. आजही आठवले की लागतात. पण उत्तर द्यायला वेळ नव्हता. मी माझा फोन काढून पत्रक उघडायला बसले.

रेंज जेमतेम होती. पडद्यावरचं ते चक्र फिरत राहिलं. उदय माझ्यामागे येरझारा घालत होता. त्याचं भावावर किती प्रेम होतं ते मला ठाऊक होतं. वडील गेल्यावर यांनीच त्याला लहानाचा मोठा केला. "वयनी, तुझा पत्रक येवपर्यंत वादळ येवन जायत," तो म्हणाला. मी बोटाने परत परत दाबत राहिले. शेवटी पान उघडलं. चित्र नाही, रंग नाही, नुसत्या ओळी. मी आधी वरची तारीख बघितली. आजची. वेळ बघितली. दुपारी साडेबाराची. मग खाली आले.

वादळ किनाऱ्यापासून लांब होतं आणि वायव्येकडे, म्हणजे आणखी आत समुद्रात सरकत होतं. किनाऱ्यावर धडकणार असं कुठेच नव्हतं. मात्र दक्षिण कोकणच्या किनाऱ्यावर उद्या सकाळपर्यंत लाटा फार उंच राहतील, असं स्पष्ट लिहिलं होतं. मच्छीमारांनी ताबडतोब जवळच्या सुरक्षित बंदराचा आसरा घ्यावा. मी ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

"उदय, तुझ्या त्या माणसान 'आज' म्हटल्यान ता खयच्या दिवसाचा आज?"

"म्हणजे?"

"तारीख आसा काय खय?"

तो फोन काढून बघू लागला. "माका आजच इलोहा," तो म्हणाला. "माका गुरवान धाडल्यान. गुरवाक कोणी धाडल्यान काय म्हायत." मग चिडून म्हणाला, "पण खोटा कित्याक सांगात तो? इतको कळवळून सांगता!"

तेवढ्यात कोपऱ्यातला वायरलेस सेट खरखरला.

"आडबंदर, आडबंदर... हरिकृपा बोलता... ओव्हर."

पार्वती जागच्या जागी खाली बसली. मी धावत जाऊन सेटचा माइक उचलला आणि बटण दाबलं.

"बोला, मी आसंय. ओव्हर."

यांचा आवाज फाटल्यासारखा येत होता. सुटे सुटे शब्द पकडावे लागत होते. वारा वाढलाय. जाळं ओढून घेतलंय. डिझेल कमी आहे, एकच बंदर गाठता येईल: घर नाहीतर देवगड. दोन्हीकडे सारखाच वेळ लागेल. फोनला रेंज नाही, काही कळत नाही. काय खबर आहे?

मी तोंड उघडायच्या आत उदयने माइक माझ्या हातातून ओढून घेतला. "दादा, घराक ये! देवगडाक वादळ लागतला! सरळ घराक ये! ओव्हर!"

नुसती खरखर. मग यांचा आवाज: "कोण सांगता? ओव्हर."

"व्हिडिओत सांगतत, दादा! नकाशो दाखयल्यानी!"

मी उदयच्या हातातून माइक परत घेऊ लागले. त्याने सोडला नाही, तेव्हा मी त्याच्या मनगटावर चापट मारली. असं मी त्याच्या लहानपणीही केलं नव्हतं.

"आयकतास काय? हवामान खात्याचा पत्रक माझ्यासमोर आसा. वेगळा आसा. ओव्हर."

खरखर थांबली. मग एकदम स्वच्छ आवाज आला, जणू ते दारातच उभे होते.

"मंदा. तू आयकलंस की वाचलंस?"

खोलीतल्या कुणाला या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. मला कळला. त्यांना माहीत होतं मी कशी आहे ते.

"वाचलंय. तीनदा. आजची तारीख, दुपारी साडेबारा. ओव्हर."

"मगे वाच. तुझा कायव घालू नको त्यात. ओव्हर."

मी वाचायला लागले. आयुष्यात इतकं कठीण वाचन मी केलं नाही. देवळात बुवांच्या मागे ध्रुवपद धरणारा माझा गळा. शब्द आला की आपसूक त्याला चाल लागते. 'लाटा फार उंच' म्हणताना आवाज चढणार, 'किनाऱ्यापासून लांब' म्हणताना तो गोड होणार. मी आवाज दगडासारखा ठेवला. एक ओळ वाचायची, थांबायचं. यांनी ती परत म्हणायची. मग पुढची ओळ. समुद्रावर निरोप द्यायची रीतच ती: ऐकणाऱ्याने शब्द जसाच्या तसा परत दिला तरच तो पोचला.

"...किनाऱ्यापासून दूर, वायव्येकडे सरकत आहे."

"किनाऱ्यापासून दूर, वायव्येकडे सरकत आहे. देवगडचा नाव आसा काय? ओव्हर."

"नाय. किनाऱ्याक लागतला असा एक अक्षर नाय. ओव्हर."

"लाटांचा परत वाच."

मी परत वाचलं. शेजारी पार्वतीने माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. "घराक ये म्हण," ती हळू आवाजात म्हणत होती. "एकदाच म्हण. तुझा आयकतत ते. मंदा, घराक ये म्हण."

माझ्या ओठांवर तेच होतं. दुसरं काय असणार? पण पत्रकात ते नव्हतं. मी वाचत राहिले आणि शेवटच्या ओळीला थांबले. "संपला. ओव्हर."

"आपल्या खाडीच्या मुखावर रेती भरलीहा," यांचा आवाज आला. "लाटा अशे असतीत तर ओहोटीक बोट आत घुसना नाय. देवगडाक डोंगराचो आडोसो आसा. मी उत्तरेक जातंय. ओव्हर."

पार्वतीने माझा पदर सोडला. ती उठून कोपऱ्यातल्या बाकावर माझ्याकडे पाठ करून बसली. उदय खिशात हात घालून दारातून बाहेर गेला. जाताना फोन मात्र तिच्याजवळ ठेवून गेला.

मी फळ्याकडे गेले. आणखी काय करणार? खडू घेतला आणि सगळं पत्रक स्वच्छ अक्षरात उतरवलं, मात्रा-वेलांट्यांसकट. वारा इतका होता की खडूची भुकटी डोळ्यात जात होती. लिहून झाल्यावर एकदा फोनवरच्या ओळींशी ताडून पाहिलं, आणि आत यायला वळले.

पार्वतीने तो व्हिडिओ लावला होता.

मी उंबऱ्यात होते. डोळे मिटायला उशीर झाला. पडद्यावर एक बंदर होतं, त्यावरून पाण्याची भिंत येत होती आणि त्या माणसाचा आवाज खाली उतरला होता, अगदी कानाशी आल्यासारखा: 'त्या घराच्या दारात एक आई उभी आहे. तिला अजून माहीत नाही...' आणि तो थांबला. बरोबर तिथेच थांबला. ढोल बंद झाला. एक सनईसारखा सूर निघाला.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. पुढचं आठवतं ते एवढंच, की माझा हात सेटच्या बटणावर होता आणि गाल ओले होते.

"वयनी!" उदय दारातून आत आला. तो कमरेपर्यंत भिजला होता. "काय करतंस?"

"परत बोलवतंय तेंका. अजून सेट लागतलो. फार लांब गेले नसतीत."

"कित्याक?"

"तुका आयकाक येना नाय काय? देवगड बुडता! ती आवस दारात उभी आसा..."

उदयने पार्वतीच्या हातातल्या फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याने पुढे होऊन माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि तो बटणावरून अलगद उचलला.

"मी मुखावर जावन इलंय," तो म्हणाला. "लाट फुटता थय. पाणी ओढून घेता तेव्हा खालची रेती उघडी पडता, वयनी. आत्ता दादा त्या वाटेन इलो असतो तर बोट काडीसारखी मोडली असती." मग त्याने माझा खांदा धरून मला दाराकडे वळवलं. बाहेर फळा होता. "तू लिवलंस ना? मगे वाच."

"माका दिसना नाय," मी म्हटलं. डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं.

तेव्हा त्यानेच वाचलं. अडखळत, एकसुरी, शाळेतल्यासारखं. तारीख. वेळ. किनाऱ्यापासून दूर, वायव्येकडे. तो वाचत गेला तसतसा माझा श्वास जागेवर येत गेला.

मी का डोळे मिटले होते ते त्याला आता कळलं. मला काही वादळाची भीती वाटत नव्हती, आणि त्या माणसाला मी खोटारडाही म्हणत नव्हते. माझी भीती मला स्वतःची. जन्मभर मी कीर्तनं ऐकत आले. बुवा गोष्ट कुठे अडवतात, आवाज कुठे खाली आणतात, पेटी कुठे थांबते आणि झांज कुठे उठते, सगळं मला पाठ आहे. आणि तरी दरवेळी माझं काळीज त्यांच्यामागून चालू लागतं. जावं म्हणूनच मी देवळात जाते. तिथे वाहून गेलं तर माणूस देवाच्या पायाशी लागतं. पण बोट समुद्रात असताना मला वाहून जायचं नव्हतं. लिहिलेली ओळ जागची हलत नाही. आपण रडून, घाबरून परत आलो तरी ती तिथेच असते आणि आपल्याला परत वाचू देते. माझ्यासारखीला तेवढाच आधार.

पार्वती सगळं ऐकत होती. तिने फोन उदयला परत दिला.

रात्री मोबाइलचा टॉवर बंद पडला. सेटवर नुसता वारा ऐकू येत होता. पहाटे कुणीतरी मोटारसायकलवरून येऊन सांगितलं की देवगड बंदरात पुष्कळ बोटी आसऱ्याला आल्यात, पण कुठल्या ते त्याने पाहिलं नव्हतं. पार्वती आणि मी सकाळच्या पहिल्या एसटीत बसलो. मी सगळ्यांसाठी सुके कपडे घेतले होते. पिशवी मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली होती.

"कपडे कित्याक घेतलंस?" ती एकदाच म्हणाली. "पोचलेत की नाय ता तरी खय म्हायत?"

"पोचले असतीत तर भिजलेले असतीत," मी म्हटलं.

देवगडला उतरून आम्ही जेटीकडे चालत गेलो. वादळ तिथे लागलं नव्हतं. डोंगराच्या कुशीतलं पाणी गढूळ होतं, पण शांत होतं. आणि त्या पाण्यावर इतक्या बोटी होत्या की पाणी शोधावं लागत होतं. एकीला एक चिकटून, दोर एकमेकींत गुंतलेले. गुजरातच्या, कर्नाटकच्या, रत्नागिरीकडच्या. निळ्या, हिरव्या, तांबड्या. सगळ्यांवर फाटकी निशाणं. माणसं सगळी सारखीच दिसत होती: भिजलेली, डोळे तारवटलेली, अंगावर मिळेल ते गुंडाळलेली. आमची बोट हिरवी, पण हिरव्या शेकड्याने होत्या. मी 'अहो' म्हणून हाक मारली आणि माझी हाक इंजिनांच्या आवाजात कुठच्या कुठे गेली.

"हरिकृपा बघलात काय, आडबंदरची?" मी एका खलाशाला विचारलं. त्याने आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि सगळ्याच बोटींकडे हात केला. दुसरा म्हणाला, काल एक हिरवी बोट आत येताना खडकाजवळ दिसली होती, पुढे काय झालं ठाऊक नाही.

पार्वतीने पिशवी माझ्या हातात दिली. पदर खोचला आणि ती जेटीच्या कडेने पुढे निघाली. तिची शाळा चौथीपर्यंतची. वाचायची वेळ आली की कागद माझ्याकडे सरकवायची सवय. आज तिने कुणाला विचारलं नाही, कुणाच्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. प्रत्येक बोटीच्या नाळेसमोर, नाव रंगवलेल्या पुढच्या टोकासमोर, ती थांबत होती, बोट पुढे करून एकेक अक्षर लावत होती आणि मोठ्याने म्हणत होती. "जय... मल्हार. नाय. सागर... लक्ष्मी. नाय." कानडी, गुजराती अक्षरं आली की हात हलवून पुढे जायची. मी तिच्यामागून, कपड्यांची पिशवी पोटाशी धरून.

जेटीच्या पार टोकाला, तिसऱ्या रांगेत, एका हिरव्या बोटीची नाळ दोन बोटींच्या मधून दिसत होती. रंग खरवडला गेला होता. तिच्यावर कुणीतरी उभं राहून दोन्ही हात हलवत होतं आणि ओरडत होतं. मी बघितलं. मी पार्वतीचा दंड धरला.

"थांब," ती म्हणाली.

वरून "आये! गे आये!" ऐकू येत होतं. पार्वतीने मान वर केली नाही. तिचं बोट हवेत सावकाश पुढे सरकत होतं.

"ह... रि... कृ..."

शेवटचं अक्षर लागेपर्यंत तिने वाचलं. मगच वर बघितलं.